दवाखान्यांचं गाव मिरज कसं झालं? डॉ. विल्यम वॉन्लेस यांची गोष्ट

जत, कवठेमहांकाळ, तासगाव, शिरोळ, तिकडं अथणी, चिक्कोडी, रायबाग. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात दुखणं हाताबाहेर गेलं की घरातल्या जाणत्या माणसाच्या तोंडून एकच नाव निघतं, मिरज. गावातल्या डॉक्टरांना दाखवून झालं, तालुक्याला जाऊन झालं, गुण आला नाही की गाडी ठरवायची आणि मिरज गाठायची. ही रीत आजची नाही. पणजोबांच्या काळातही असंच होतं. फक्त गाडीच्या जागी बैलगाडी होती आणि बैलगाडीही नसली तर बाजेवर निजवून चौघांनी खांदा द्यायचा.

आता मिरजेत दुसरं काही नाही असं नाही. किल्ला आहे, ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे, सतार आणि तंबोरा बनवणाऱ्यांच्या पिढ्या आहेत, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले. पण स्टेशनातून बाहेर पडलं की जिकडं बघावं तिकडं डॉक्टरांच्या पाट्या, औषधांची दुकानं, पेशंटच्या नातेवाइकांसाठी खोल्या आणि खानावळी. मुंबई-पुण्यासारखं मोठं शहर नाही, कुठल्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण नाही, तरी एवढे दवाखाने का? याचं उत्तर शोधत मागं गेलं की वाट १८९४ सालात आणि एका कॅनडियन माणसापाशी जाऊन थांबते. त्यांचं नाव विल्यम जेम्स वॉन्लेस.

वॉन्लेस यांचा जन्म १ मे १८६५ चा. आपला महाराष्ट्र दिनही १ मेचाच, हा निव्वळ योगायोग. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात चार्ल्सटन नावाचं खेडं आहे, तिथं ते जन्मले. पुढं अमेरिकेत न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं आणि १८८९ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी मेरी मार्शल यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी दोघं हिंदुस्थानला यायला निघाले. वय अवघं चोवीस. तिकडं राहिले असते तर चांगला दवाखाना चालला असता, बंगला झाला असता. पण त्यांना मिशनचा डॉक्टर व्हायचं होतं आणि अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चनं त्यांना आपल्या दक्षिण महाराष्ट्रात पाठवलं.

मिशन म्हणजे काय, हे आधी थोडं सांगायला हवं. त्या काळात युरोप-अमेरिकेतली चर्चं आपल्या लोकांकडून वर्गणी गोळा करायची आणि धर्मप्रसारासाठी माणसं परदेशात धाडायची. ती माणसं चर्च बांधायची, शाळा काढायची, काही ठिकाणी दवाखाने काढायची. कोल्हापुरात या अमेरिकन मिशनचं काम १८५२ पासून चालू होतं. रेव्हरंड वाइल्डर यांनी ते सुरू केलं. असे चर्चचे दवाखाने जगभर निघाले. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात नदीकाठच्या जंगलात डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी लांबारेने इथं काढलेला दवाखाना तर जगात गाजला, त्यांना शांततेचं नोबेलही मिळालं. पण श्वाइट्झर आफ्रिकेत पोहोचले १९१३ ला. मिरजेच्या हॉस्पिटलला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. आपल्याकडंही कामाला मुंबईत गेलेल्या गावाकडच्या माणसाला अंधेरीचं होली स्पिरिट, वांद्र्याचं होली फॅमिली ही नावं ठाऊक असतात. तीही चर्चशी जोडलेलीच रुग्णालयं. पण ती शहरातली, आणि खूप नंतरची. मिरजेचं वेगळेपण हे की ते खेड्यापाड्यांच्या मधोमध उभं राहिलं.

वॉन्लेस पहिल्यांदा आले ते सांगलीला. तिथं त्यांनी छोटा दवाखाना सुरू केला. मराठी येत नव्हती, ती शिकायला लागले. त्या दिवसांत आपल्या भागात दुखण्याला उपाय काय होते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. गावात वैद्य असायचे, हकीम असायचे, जखम-हाड बघणारे असायचे, सुईणी तर घरोघर लागायच्या. त्यातले काही खरंच जाणकार होते. ताप, खोकला, पोटाचं दुखणं यावर त्यांची मात्रा चालायची. पण कापाकापीचं काम निघालं की सगळं थांबायचं. मोठं रुग्णालय म्हणजे पुण्याचं ससून, नाहीतर मुंबईचं जेजे. जतच्या शेतकऱ्याला पुणं तेव्हा जवळपास परदेशासारखंच होतं.

मोतीबिंदूचंच घ्या. म्हातारपणी डोळ्यात मोती पिकायचा, दिसायचं बंद व्हायचं, माणूस ओट्यावर बसून राहायचा. गावोगाव फिरणारे काही लोक यावर इलाज करायचे. ते सुईसारख्या हत्यारानं डोळ्यातला तो पांढरा झालेला भिंगाचा गोळा आत ढकलून द्यायचे. वाटेतला पडदा बाजूला झाला की म्हाताऱ्याला लगेच उजेड दिसायचा, घरचे खूश व्हायचे, पैसे द्यायचे. तो माणूस पुढच्या गावाला निघून जायचा. मग पुष्कळदा डोळा सुजायचा, पू व्हायचा आणि थोडीफार होती ती नजरही कायमची जायची. ज्याचा डोळा असा गेला, त्याच्या गावात डोळ्याला सुई लावायचं नाव काढायची सोय नसायची.

नव्या पद्धतीत तो गोळा आत ढकलायचा नसतो, बाहेर काढायचा असतो. डोळा बधिर करायला कोकेनचे थेंब वापरता येतात हा शोध लागला १८८४ मध्ये, म्हणजे वॉन्लेस डॉक्टर व्हायच्या जेमतेम पाच वर्षं आधी. हत्यारं उकळून घ्यायची, हात जंतुनाशकानं धुवायचे, हेही डॉक्टरी जगात तेव्हा नवंच होतं. असं ताजं ज्ञान घेऊन हा तरुण आला होता. गैरसोय मात्र भरपूर. वीज नाही, नळ नाही. रात्रीची शस्त्रक्रिया म्हणजे रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, आणि जवळ क्लोरोफॉर्म असताना उघडी ज्योत सांभाळत. औषधं बोटीनं यायची.

दोन-तीन वर्षांत त्यांनी मुक्काम सांगलीहून मिरजेला हलवला. ही निवड फार महत्त्वाची ठरली. मिरज तेव्हा पटवर्धन सरकारांचं संस्थान. आणि नुकतीच रेल्वे आली होती. पुण्याकडून येणारी गाडी मिरजेवरून बेळगाव, लोंढा करत थेट गोव्याच्या बंदरापर्यंत जायची. १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा सुरू झाला. सांगलीची गाडी नंतर, पंढरपूर-बार्शीकडची छोटी गाडी तर १९२७ ला. म्हणजे चारी दिशांचे रूळ मिरजेत येऊन मिळत गेले. पेशंटला घेऊन यायचं तर यापेक्षा सोयीचं गाव नव्हतं.

मिरज संस्थाननं जागा दिली. बांधायला पैसा लागणार होता, तो अमेरिकेतून आला. फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स नावाचे एक मोठे कारखानदार होते, आगगाडीची इंजिनं बनवणारी बाल्डविन कंपनी त्यांची. त्यांनी देणगी दिली. इंजिनांच्या कमाईतून उभं राहिलेलं हॉस्पिटल आणि तिथं इंजिनांमागं बसून येणारे पेशंट, अशी गंमत जुळून आली. १८९४ मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल उघडलं.

इमारत झाली म्हणून माणसं लगेच येतात असं नसतं. सुरीची भीती आजही आहे, तेव्हा तर विचारूच नका. ऑपरेशनला नेलेला माणूस परत येत नाही ही पक्की समजूत. त्यात डॉक्टर परका, गोरा, किरिस्ताव. तो धर्म बुडवील, पाण्यातून काहीतरी पाजील, असंही लोक बोलायचे. त्यामुळं पहिल्या वर्षांत प्रत्येक ऑपरेशन म्हणजे अख्ख्या हॉस्पिटलची परीक्षा होती. एक माणूस टेबलावर दगावला तर दहा गावं पाठ फिरवणार. पेशंटला आधीच उशिरा आणलेलं असायचं, बाकीचे सगळे उपाय थकल्यावर. तरी जबाबदारी सुरी धरणाऱ्याची.

इथंच मोतीबिंदूनं हात दिला. या ऑपरेशनात जिवाला धोका कमी आणि फळ डोळ्यांसमोर. पेशंटला दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून काही दिवस मान न हलवता पडून राहावं लागायचं. पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा चढला की ज्याला धरून आणलं होतं तो स्वतःच्या पायानं चालत घरी निघायचा. आंधळा झालेला म्हातारा गावात परत येऊन नातवाचं तोंड ओळखतो, याहून मोठी जाहिरात कोणती? बाजाराच्या दिवशी बातमी दहा गावांत पसरायची. मग पुढच्या खेपेला त्याच गावातून आणखी दोघं-तिघं यायचे.

दुसरं मोठं काम मुतखड्याचं. लहान पोरांच्या मूत्राशयातला खडा हा त्या काळात आपल्या भागातला नेहमीचा आजार. खाण्यात नुसतं धान्य, दूध-दुभतं कमी, त्यामुळं तो व्हायचा असं आता सांगतात. लघवी करताना पोरगं कळवळून रडायचं आणि आई-बाप नवस बोलत फिरायचे. खडा काढून तो आईच्या हातात दिला की तिला आणखी काही समजावून सांगायला लागायचं नाही. शिवाय अंतर्गळ, पोटातल्या गाठी, भाजून आखडलेले हात, कडाबा कापताना तुटलेली बोटं. पायाला नारू झालेले तर किती! विहिरीच्या पाण्यातून होणारा तो आजार. आता तो देशातून गेला, नव्या पिढीला नावही ठाऊक नाही.

हॉस्पिटलात जेवणाचा प्रश्न मोठा असायचा. कोण कुणाच्या हातचं खाईल, कोण कुणाच्या शेजारी निजेल, कुणाच्या घड्यातलं पाणी घेईल. यावर आपल्याकडच्या मिशन दवाखान्यांत एक व्यवहारी तोड निघाली, पेशंटबरोबर आलेल्यांनी आवारातच चूल मांडायची आणि आपल्या माणसाला आपल्या हातचं खाऊ घालायचं. आफ्रिकेत श्वाइट्झर यांनीही पुढं हेच केलं, तिथंही पेशंटचे नातेवाईक आवारातच राहायचे नि रांधायचे. स्वच्छतेच्या नियमात हे बसत नव्हतं, पण त्याशिवाय खेड्यातला माणूस राहिलाच नसता. चूल वेगळी असली तरी डॉक्टरचा हात एकच होता. ज्या हातानं इनामदाराचा डोळा केला, त्याच हातानं महारवाड्यातल्या म्हातारीचा. ज्या काळात सार्वजनिक विहिरीला शिवायची बंदी होती त्या काळातली ही गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवायला हवं.

धर्माची बाजू लपवायचं कारण नाही. वॉन्लेस डॉक्टर होते तसे धर्मप्रचारकही होते. दवाखान्यात प्रार्थना व्हायची, बायबल वाचलं जायचं. आपला धर्म श्रेष्ठ आणि इथल्या चालीरीती म्हणजे अंधश्रद्धा, असं मानणाऱ्या पिढीतलेच ते होते. त्यावर त्या वेळीही टीका व्हायची आणि ती अगदीच गैरवाजवी नव्हती. पण आलेल्यांपैकी बहुतेकांनी प्रार्थना ऐकली, औषध घेतलं आणि आपापला देव घेऊन घरी गेले. आजही मिरज पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती थोडीच आहे. लोकांनी दवाखाना घेतला, बाकीचं ज्याचं त्यानं ठरवलं.

वॉन्लेस यांची शस्त्रक्रियेतली ख्याती वाढत गेली. अमेरिकेतल्या सर्जन मंडळींच्या मानाच्या संस्थेनं त्यांना फेलो केलं. पण त्यांचं सगळ्यात दूरवर गेलेलं काम टेबलावरचं नव्हतं.

एक माणूस दिवसाला किती ऑपरेशनं करणार? कितीही हुशार असला तरी हात दोनच. तो आजारी पडला, रजेवर गेला, मेला, की दवाखाना बंद. मिशनच्या अनेक दवाखान्यांचं असंच झालं, डॉक्टर होता तोवर गर्दी, तो गेला की कुलूप. परदेशातून दुसरा डॉक्टर यायला वर्ष-दोन वर्षं लागायची. यावर वॉन्लेस यांनी काढलेला मार्ग म्हणजे इथल्याच पोरांना डॉक्टर करायचं. हॉस्पिटल उघडून तीन वर्षं होतात न होतात तोच, १८९७ मध्ये, त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा सुरू केली. मिशननं चालवलेल्या देशातल्या अगदी पहिल्या वैद्यकीय शाळांपैकी ही एक. आज ज्या वेल्लोरचं नाव देशभर घेतलं जातं, तिथली वैद्यकीय शाळा सुरू झाली १९१८ ला, म्हणजे मिरजेनंतर एकवीस वर्षांनी.

आणि वेळ कसली निवडली! १८९६ च्या शेवटाला मुंबईत प्लेग आला. रेल्वेच्या रुळांवरून तो गावोगाव पोहोचला, ज्या रुळांनी पेशंट आणले त्यांनीच हेही आणलं. लोक घरंदारं सोडून माळावर झोपड्या घालून राहायला लागले. जोडीला १८९६-९७ चा दुष्काळ, तो सरतोय तोवर १८९९-१९०० चा त्याहून मोठा. अशा दिवसांत चालू दवाखाना निभावणंच कठीण, आणि हा माणूस फळ्यावर हाडांची चित्रं काढून शिकवत होता. पण उलटा विचार केला तर याच दिवसांनी त्याचं गणित बरोबर ठरवलं. प्लेग एका गावात नसतो, शंभर गावांत असतो. शंभर गावांना एक गोरा डॉक्टर काय पुरणार?

शिकवणारे मोजकेच, शिकणारेही मूठभर. सकाळी वॉर्डात डॉक्टरांमागं फिरायचं, ऑपरेशनला उभं राहायचं, दुपारी धडे. पुस्तकात आधी वाचून मग पेशंट बघायचा, असं नव्हतं. पेशंट समोर असायचा आणि पुस्तक नंतर उघडायचं. त्याच सुमारास नर्सचं शिक्षणही सुरू झालं. तेव्हा चांगल्या घरची बाई परक्या पुरुषाची जखम धुवेल ही कल्पनाच कुणाला पटत नव्हती. त्यामुळं आपल्याकडं या कामाला आधी पुढं आल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती मुली आणि कुणाचा आधार नसलेल्या विधवा. ज्यांना समाजानं कोपऱ्यात बसवलं होतं त्यांच्या हातात पगार आला, डोक्यावर टोपी आली. नर्स म्हटल्यावर आज खेड्यातल्या आई-बापांना मुलीसाठी चांगली नोकरी दिसते, त्याची सुरुवात अशा ठिकाणी झाली.

मिरजेत शिकलेले डॉक्टर देशभरच्या मिशन दवाखान्यांत गेले. काहींनी स्वतःचे दवाखाने थाटले. एक डॉक्टर बसला की त्याच्या हाताखाली कंपाउंडर तयार व्हायचा, औषधांचं दुकान निघायचं, मुलगा डॉक्टरच व्हायचा. दवाखान्यांचं गाव असं हळूहळू वाढलं.

राजेरजवाड्यांचा राबताही मिरजेला सुरू झाला. श्रीमंतांकडून फी घ्यायची आणि त्या पैशात गरिबाचं ऑपरेशन करायचं, हा मिशन दवाखान्यांचा हिशोब होता. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांशी वॉन्लेस यांचा स्नेह होता. बालगंधर्वांच्या चरित्रातली एक गोष्ट रसिक मंडळी नेहमी सांगतात. कोवळ्या नारायण राजहंसांच्या कानाचं दुखणं बरं व्हावं म्हणून शाहू महाराजांनी त्यांना मिरजेच्या हॉस्पिटलात पाठवलं, किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम तेव्हा मिरजेतच होता आणि १९०५ मध्ये नारायणराव त्या कंपनीत गेले. मराठी रंगभूमीला तिचा सगळ्यात लाडका नट कानाच्या दुखण्यामुळं मिळाला म्हणायचं.

घरात मात्र दुःख आलं. नव्या नवरीसारखी बोटीत बसून इतक्या लांब आलेली मेरी इथं कित्येक वर्षं काढून वारली. कोल्हापुरात मेरी वॉन्लेस हॉस्पिटल आहे, कित्येक बाया तिथं बाळंत झाल्या, ते नाव हिचं. पुढं वॉन्लेस यांनी लिलियन हेवन्स यांच्याशी लग्न केलं आणि त्यांनीही मिरजेलाच घर मानलं.

दोन आजार असे होते की त्यांवर सुरी चालत नव्हती आणि लोक त्या माणसांना घरातही ठेवून घेत नव्हते. एक कुष्ठरोग, दुसरा क्षय. कुष्ठरोग्याला वेशीबाहेर काढलं जायचं, बाजारात, देवळापाशी भीक मागत तो संपायचा. औषध नव्हतंच. १९०० च्या सुमारास मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी आसरा सुरू झाला, पैसा उभा करायला वॉन्लेस यांची धडपड होती. आज ते रिचर्डसन लेप्रसी हॉस्पिटल म्हणून ओळखलं जातं. बरं करता येत नसताना जखमा धुवायच्या, जेवू घालायचं, एवढंच काम तिथं कित्येक वर्षं चाललं.

क्षयाचं तसंच. जंतू सापडला होता १८८२ मध्ये, पण त्याला मारणारं पहिलं औषध यायला १९४३ उजाडावं लागलं. तोवर इलाज म्हणजे मोकळी हवा, विश्रांती, सकस खाणं आणि घरच्यांपासून वेगळं राहणं. दमट, अंधाऱ्या घरात दहा माणसांत निजणाऱ्या क्षयरोग्याला हे मिळायचं कुठं? म्हणून १९२० मध्ये सांगली आणि मिरजेच्या मधल्या उघड्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झालं. तेव्हा तिथं वस्ती नव्हती, वारा मात्र चांगला होता. सगळे वाचले नाहीत, पण पुष्कळांची वर्षं वाढली आणि घरातली पोरं त्या आजारापासून लांब राहिली.

मिशनचं जाळं आता कोकणातही पोहोचलं होतं. वेंगुर्ल्याला याच मिशनचं सेंट ल्यूक हॉस्पिटल, तिथं डॉ. गोहीन. त्यांचा मुलगा रॉबर्ट वेंगुर्ल्यातच १९१९ मध्ये जन्मला आणि पुढं अमेरिकेचा राजदूत होऊन दिल्लीला आला. मिरजेत वॉन्लेस यांच्या जोडीला डॉ. चार्ल्स व्हेल आले होते, तेही नावाजलेले सर्जन. काम एकट्याच्या खांद्यावर राहिलं नव्हतं.

सरकारनं वॉन्लेस यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं आणि १९२८ मध्ये सर ही पदवी. त्याच वर्षी ते कामातून मोकळे झाले आणि डॉ. व्हेल यांच्याकडं कारभार आला. चोविसाव्या वर्षी आलेला माणूस त्रेसष्टाव्या वर्षी परत निघाला. मधली जवळपास चाळीस वर्षं या मातीत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी इथल्या कामावर पुस्तक लिहिलं, ते १९३२ ला निघालं. पुढच्याच वर्षी, ३ मार्च १९३३ रोजी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गावी ते वारले. वय सदुसष्ट.

मिरजेचं हॉस्पिटल चालू राहिलं. संस्थान गेलं, इंग्रज गेले, गोरे डॉक्टर एकेक करून परतले, इथले डॉक्टर खुर्चीवर बसले. १९६२ मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. सरकारला जिल्ह्याचं ठिकाण सोडून मिरज का निवडावीशी वाटली, हे वेगळं सांगायला नको. पेशंट इथं आधीपासून होते, डॉक्टर होते, नर्स होत्या, आणि सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्यांना शिकायला मिशन हॉस्पिटलचाच आधार होता.

क्षयरोग्यांसाठी निवडलेल्या त्या उघड्या माळाभोवती आता दाट वस्ती झाली आहे. सांगलीहून मिरजेला जाताना विश्रामबागजवळ लागणाऱ्या त्या भागाला वानलेसवाडी म्हणतात. तिथं शाळा आहे, दुकानं आहेत, घरांना आणि प्लॉटना चांगला भाव आहे. रिक्षात बसणारे वानलेसवाडी म्हणतात ते वाघवाडी, कवलापूर म्हणावं तितक्याच सहज. ते कुणा माणसाचं आडनाव आहे, आणि तेही कॅनडातलं, हे त्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं.